उशीवरचे केस

२००८ सालची गोष्ट. मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, सरकारी हॉस्पिटल, वॉर्डात बेड तीस आणि पेशंट पन्नासच्या वर. त्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा, पंढरपूरजवळच्या खेड्यातला, आजारी पडेपर्यंत सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. सकाळी राउंडला गेले तर त्याची आई उशीवरचे केस वेचत बसलेली. एकेक नाही, पुंजकेच्या पुंजके, नुसता हात लावला तरी हातात येत होते. मला दाखवायला म्हणून तिने ते पदराच्या टोकाला बांधून ठेवले होते. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हे बगा, चार दिसात समदं डोस्कं रिकामं झालं."

मी लगेच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीला रक्त पाठवलं. पांढऱ्या पेशी नऊशे. चार हजाराच्या खाली गेल्या तरी आम्ही काळजीत पडतो, आणि याच्या नऊशे, वर संध्याकाळी ताप.

त्याची आधीची फाइल म्हणजे आपल्याकडच्या पोटाच्या आजाराची ठरलेली कहाणी. पोटात कळा, जुलाब, बारीक ताप, वजन अडतीस किलोवर आलेलं. कोलोनोस्कोपीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागेवर अल्सर, बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी. त्या जागेवर ग्रॅन्युलोमा दिसला की आपल्याकडे पहिला विचार टीबीचाच येतो आणि ते चूकही नाही. नऊ महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं झाली, थोडं बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं, मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी पुन्हा एकेटी दिली, शेवटी आतड्याला अडथळा येऊन ऑपरेशन झालं आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला तेव्हा कळलं की हा टीबी नाहीच, क्रोन्स डिसीज आहे. म्हणजे जंतू कुठेच नाही, शरीराची संरक्षण यंत्रणाच आतड्याच्या मागे लागलेली आणि ती आग विझतच नाही. त्यावर स्टेरॉइड दिलं आणि स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून संरक्षण यंत्रणेला आवर घालणारं अझाथायोप्रिन सुरू केलं, अगदी पुस्तकात दिलेल्या डोसने. तिसऱ्या आठवड्यात हे असं.

पुस्तक सांगत होतं की हे औषध काही लोकांना झेपत नाही कारण त्यांच्यात टीपीएमटी नावाचं एन्झाइम कमी असतं. सरांनी ओळखीने ती टेस्ट मुंबईला करून आणली, रिपोर्ट नॉर्मल. औषध बंद केलं, पेशी वाढवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, वेगळी खोली नव्हती म्हणून कोपऱ्यातल्या बेडला चादरीचा पडदा लावला, आणि सतरा दिवसांनी तो वाचला. डिस्चार्ज कार्डवर काय कारण लिहायचं असं मी सरांना विचारलं. सर अनुभवी होते, चांगले होते, त्यांच्याकडूनच मी सगळं शिकले, पण ते म्हणाले, "लिही, ड्रग इनटॉलरन्स. काही लोकांना सूट होत नाही गं."

सूट होत नाही. आपण दुधाबद्दल म्हणतो, हवेबद्दल म्हणतो, आणि तेच आम्ही एका मरता मरता वाचलेल्या मुलाच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं. त्याची आई डिस्चार्जच्या दिवशी परत परत विचारत होती की नक्की कशानं झालं, पुन्हा होईल का, आणि माझ्याकडे काहीही उत्तर नव्हतं. मला कुणी विचारलं की चांगली प्रॅक्टिस सोडून तू या जीन्सच्या मागे कशी लागलीस, तर कारण हे आहे, दुसरं मोठं काही नाही.

एमडी झालं, घरच्यांनी बार्शीला दवाखान्यासाठी गाळासुद्धा बघून ठेवला होता, बाबांनी नुसतं विचारलं की पीएचडी करून पेशंट बघणार का नाही, मी म्हटलं दोन्ही करेन. २००९ ला रजिस्टर झाले.

तेव्हा या क्षेत्रात नुसता उत्साह होता. २००१ साली एकाच वेळी दोन गटांनी, एक पॅरिसचा, एक अमेरिकेतला, क्रोन्सचा पहिला जीन शोधून दाखवला होता, सोळाव्या क्रोमोझोमवरचा एनओडी२. जंतूच्या भिंतीचा छोटासा तुकडा ओळखून पेशीला जागं करणं हे त्याचं काम. युरोपातल्या क्रोन्सच्या पेशंटमध्ये साधारण तीनातल्या एकाकडे त्यातल्या तीन ठरावीक बदलांपैकी एखादा तरी सापडतो. मग २००७ मध्ये ब्रिटनमध्ये वेलकम ट्रस्टचा तो मोठा अभ्यास आला, सात आजार, प्रत्येकी दोन हजार पेशंट आणि सगळ्यांसाठी मिळून तीन हजार निरोगी माणसं, त्या सातांतही क्रोन्स होता. मला वाटलं चला, कुलूप कुठलं ते कळलंय, किल्ली पण कळलीय, आता फक्त आपल्या पेशंटमध्ये ती लावून बघायची.

पीएचडीची पहिली दीड वर्षं कशात गेली म्हणाल तर लॅबमध्ये नाही, संमतीपत्रात गेली. एथिक्स कमिटीला मराठी फॉर्म हवा होता, मी इंग्रजीवरून केला, त्यात शब्द होते जनुकीय बहुरूपता, अनुवंशिक प्रवणता, कमिटीने पास केला, आणि ओपीडीत पहिल्याच बाईंनी तो वाचून परत दिला आणि म्हणाल्या, "हे कोर्टाचं हाय का?" मग मी फॉर्म बाजूला ठेवून महिनाभर नुसतं लोकांशी बोलले. तुमच्या घरात अजून कुणाला असा त्रास आहे का म्हटलं की लोक सांगायचे, नाही, आमच्या खानदानात कुणाला नाही, कारण खानदानी रोग म्हटलं की मुलीचं लग्न अडतं. पण "आईबापाकडून काही गुण येतात ना, कुणाचं नाक येतं, कुणाचा रंग येतो, तसं औषध पचवायची ताकदपण येते" असं सांगितलं की मान डोलायची. नवीन फॉर्ममध्ये मी हेच वाक्य घातलं. कमिटीतल्या एका मेंबरना ते शास्त्रीय वाटेना, मी तीन मीटिंगा त्यावर भांडले आणि ते वाक्य राहिलं. माझ्या अख्ख्या थिसिसमधलं सगळ्यात मेहनतीचं वाक्य तेच आहे.

दुसरा अवघड प्रश्न जातीचा. फॉर्मवर जात विचारावी लागते आणि का लागते हे नीट सांगावं लागतं. आपल्याकडे शेकडो वर्षं लग्नं जातीतच झाली, पोटजातीत झाली, त्यामुळे प्रत्येक समाजाच्या जीन्समध्ये काही बदल जास्त, काही कमी असे साचत गेलेत. आता समजा माझे पेशंट बहुतेक एका समाजाचे आणि ब्लड बँकेतून घेतलेले निरोगी लोक दुसऱ्याच समाजाचे, तर जो फरक दिसेल तो आजाराचा नसून समाजाचा असेल आणि मी मात्र जीन सापडला म्हणून नाचेन. म्हणून विचारावी लागते. पण सरकारी हॉस्पिटलमध्ये पांढरा कोट घातलेल्या माणसाने जात विचारली की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी बघितलंय. मी नेहमी आधी कारण सांगायचे आणि मग विचारायचे, आणि ज्यांना सांगायची नसेल त्यांचा रकाना रिकामा सोडायचे. माझ्या गाइड मॅडम म्हणायच्या डेटा अपुरा राहतोय, मी म्हणायचे राहू दे.

तो मुलगा फॉलोअपला यायचा. केस परत आले होते, दाट, आधीपेक्षा कुरळे. २०१० मध्ये त्याचं रक्त घेतलं. पाच मिली, जांभळ्या टोपणाची ट्यूब, त्यावर नाव नाही, नुसता नंबर, सतरा. आई शेजारी. "रगत काढून आमच्या पोराला काय फायदा?" मी फॉर्मवर जे लिहिलं होतं तेच सांगितलं, कारण खोटं बोलायचं नव्हतं, "मावशी, याला काही फायदा नाही. पुढं कुणाला तरी होईल." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग अंगठा दिला.

डीएनए काढायचं काम मला अजूनही आवडतं, आता किट आणि मशीन आलं तरी कधीकधी मी जुन्या पद्धतीने काढते. लाल पेशी फोडून टाकायच्या, पांढऱ्या पेशींचा छोटासा गोळा तळाला उरतो, तो विरघळवायचा, मिठाच्या पाण्याने प्रोटीन खाली बसवायचं आणि वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन त्यावर अलगद थंडगार अल्कोहोल सोडायचं, ट्यूब हळूच उलटीपालटी केली की मधोमध पांढरा धागा दिसायला लागतो, पिंजलेल्या कापसाच्या तंतूसारखा. तो काचेच्या काडीला गुंडाळून घ्यायचा. सतरा नंबरचा धागा चांगला जाड आला होता हे मला आठवतंय, वहीत नोंद आहे.

दोनशेच्या आसपास पेशंट जमवायला साडेतीन वर्षं लागली, आणि ते "जमवायला" म्हणजे रक्त घेणं नाही, हा खरंच क्रोन्स आहे की टीबी हे ठरवणं. हा घोळ आजचा नाही, १९१३ मध्ये ग्लासगोच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जनने असे पेशंट लिहून ठेवले तेव्हाच त्याला आतड्याच्या टीबीशी साम्य दिसलं होतं पण जंतू सापडत नव्हता, पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा आजार वेगळा मांडला आणि नाव क्रोनचं राहिलं. त्यांच्याकडे टीबी ओसरत होता, आपल्याकडे दोन्ही एकत्र नांदतात. टीबीला स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो, क्रोन्सला एकेटी दिली तर वर्ष वाया जातं आणि आतडं आकसतं. म्हणून एकेटी देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून अल्सर भरला का हे बघायचं. पेशंट बारामतीहून, लातूरहून परत परत येणार कसे, एसटीचं भाडं कुठून आणणार, बुडलेली रोजंदारी कोण देणार. मी कितीतरी जणांना फोन करायचे, शेजाऱ्याच्या फोनवर. ज्यांचं निदान पक्कं झालं नाही त्यांची सॅम्पल मी अभ्यासातून काढून टाकली, जीव तुटायचा पण काढली. जीनच्या अभ्यासात मशीन कितीही भारी असलं तरी चुकीच्या माणसाला पेशंट म्हणून घातलं की सगळं पाण्यात, हे मी आजही मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

मधेच एका मे महिन्यात शनिवार-रविवार जोडून लाइट गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि सोमवारी उणे ऐंशीचा फ्रीझर उघडला तर खाली पाण्याचं थारोळं. सगळं सीरम गेलं. अडीच वर्षांचं. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. डीएनए मात्र वाचला, डीएनए फार चिवट असतो, त्याला एवढ्याने काही होत नाही.

आणि मग रिझल्ट. एनओडी२ चे ते तिन्ही बदल मी सगळ्या पेशंटमध्ये शोधले. एकातही नाही. मला वाटलं माझंच चुकतंय, प्रायमर, म्हणजे नेमकी जागा शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलले, दुसऱ्या लॅबमधून पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात तो बदल नक्की आहे असं सॅम्पल मागवला, तो बरोबर लागला, म्हणजे टेस्ट ठीक, आपल्या लोकांतच ते बदल नाहीत. भारतातल्या बाकीच्या गटांनाही हेच दिसत होतं, चीन-जपान-कोरियातही तेच. दोन जर्नलनी पेपर परत पाठवला, नवीन काही नाही म्हणून. मला तेव्हाही वाटायचं आणि आत्ताही वाटतं की यापेक्षा नवीन काय असणार होतं? क्रोन्सचा जगातला सगळ्यात प्रसिद्ध जीन, पाठ्यपुस्तकात चित्रासकट, आणि सोलापूरच्या मुलाच्या आजाराबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. म्हणजे आजार तोच, अल्सर तसेच, पण तिथवर पोचायची वाट वेगळी.

एक गोष्ट मात्र तेव्हा वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. चीनमध्ये २००९ साली कुष्ठरोगावर मोठा अभ्यास झाला, कुणाला कुष्ठरोग होतो आणि कुणाला होत नाही, त्यात जे जीन्स निघाले त्यात एनओडी२ होता. कुष्ठरोगाचा जंतू आणि टीबीचा जंतू एकाच कुळातले. म्हणजे त्या जंतूंशी लढायला ठेवलेली जी माणसं, तीच दंगल पेटली की स्वतःचं घर जाळतात. ज्या देशात टीबी आणि कुष्ठरोग पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होते तिथे हे जीन्स कसे घडले असतील हा प्रश्न आपणच विचारायला हवा, दुसरं कोण विचारणार.

२०१४. थिसिस लिहून झाला होता, व्हायवाची वाट बघत होते. सप्टेंबरमध्ये दुपारी लायब्ररीत कोरियातल्या एका गटाचा पेपर उघडला, नेचर जेनेटिक्समधला. क्रोन्सचे पेशंट, अझाथायोप्रिन, पहिल्या काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी धाडकन खाली, टीपीएमटी नॉर्मल. कारण, एनयूडीटी१५ नावाचा दुसराच जीन, त्यातलं एक अक्षर बदललेलं, सी च्या जागी टी. औषध शरीरात गेल्यावर त्याचं जे जहाल रूप बनतं ते निकामी करायचं काम हे एन्झाइम करतं, एन्झाइम लंगडं असेल तर ते जहाल रूप साचतं आणि नवीन बनणाऱ्या पांढऱ्या पेशी मारत सुटतं. पुढे वाचलं तर ज्यांच्याकडे या जीनच्या दोन्ही कॉपी, आईकडची आणि वडलांकडची, बदललेल्या आहेत त्यांचे केस गेले होते, डोक्यावरचे सगळे.

मी पेपर तसाच ठेवून लॅबला गेले. पदराला बांधलेला तो पुंजका मला डोळ्यासमोर दिसत होता.

सतरा नंबरची ट्यूब काढली. सोबत अजून वीस-बावीस जणांच्या. पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्या, आणि त्यातली अक्षरं वाचायला, सिक्वेन्सिंगला, बाहेर पाठवलं, आठ दिवस लागले. सिक्वेन्सिंगचा आलेख ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, रंगीत डोंगरांची रांग असते, प्रत्येक अक्षराला एक रंग, सी निळा, टी लाल. बहुतेकांच्या त्या जागेवर एकच निळा डोंगर होता. दोघा-तिघांच्यात निळा आणि लाल एकमेकांत घुसलेले, अर्ध्या उंचीचे, म्हणजे एक कॉपी चांगली, एक बदललेली. सतरा नंबरच्या जागेवर एकच डोंगर होता. लाल. पूर्ण उंचीचा. मी दोनदा फाइलचं नाव तपासलं.

सहा वर्षं लागली होती सूट होत नाही या तीन शब्दांचा अर्थ कळायला.

आता हे त्याला सांगायचं कसं, कारण मीच लिहिलेल्या फॉर्मवर मीच लिहिलं होतं की वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत. तेव्हा सगळे फॉर्म तसेच असायचे. पण तो उद्या पुण्याला गेला, मुंबईला गेला, नवीन डॉक्टर भेटला आणि त्याने चांगल्या हेतूने पुन्हा तेच औषध लिहून दिलं तर? मी कमिटीकडे अर्ज केला. त्यांनी योग्यच अट घातली की जुन्या ट्यूबवर विसंबू नका, ताजं रक्त घेऊन पुन्हा खात्री करा आणि मगच बोला. नंबर आणि नाव जोडणारं रजिस्टर कपाटातून काढायची लेखी परवानगी मिळायला चार महिने गेले.

फॉलोअपला तो यायचा बंद झाला होता, बरं होता म्हणून. मीच गेले गावाला. घरात शिलाई मशीन घेतलेलं, आता तो पिशव्या शिवत होता. रक्त घेतलं, महिनाभराने पुन्हा लाल डोंगर, मग परत गेले रिपोर्ट घेऊन. आईवडलांचं नातं विचारलं तर आई म्हणाली, "आमचं मालक माज्या आत्याचंच पोर की." तिकडे हे अगदी सर्रास आहे. आपल्याकडे दर दहा माणसांमागे एखाद्याकडे ही बदललेली एक कॉपी असते, त्याला कळतही नाही, औषध घ्यायची वेळ आली नाही तर जन्मभर कळत नाही. पण एकाच पणजोबांकडून आलेली तीच कॉपी आईकडूनपण आणि वडलांकडूनपण मिळाली की दोन्ही बाजू बंद.

हे मी जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. ती ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "मंजी माज्याकडनं गेलं व्हय त्येला?"

मी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. लॅबमध्ये आपण आईकडची कॉपी, वडलांकडची कॉपी असं दिवसभर बोलत असतो. मी तिचा हात धरला आणि सांगितलं की मावशी, तुमच्याकडून त्याला डोळे आले, कष्ट करायची ताकद आली, तसंच हेही आलं, यात कुणाची चूक नाही, तुमची नाही, लग्न जमवणाऱ्यांची नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, मलापण नव्हतं, आणि आता माहीत झालंय तर याला पुन्हा तसं होणार नाही. तिला ते किती पटलं मला सांगता येत नाही. ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

मी एक कार्ड करून नेलं होतं, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. या व्यक्तीला अझाथायोप्रिन किंवा सहा-मर्कॅप्टोप्युरिन देऊ नये, कारण अमुक, अमुक. लॅमिनेट केलेलं. आईने ते रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. धाकट्या बहिणीची पण टेस्ट केली, तिच्याकडे एक कॉपी. तिलापण कार्ड दिलं.

पुढची तीन वर्षं, २०१५ ते २०१८, मी इंग्लंडमध्ये होते केंब्रिजजवळ. चौतिसाव्या वर्षी लिनक्स शिकले, रडतखडत, पण शिकले, कारण या क्षेत्रात आता पाच मिली रक्तापेक्षा कॉम्प्युटरवर वेळ जास्त जातो. २०१२ पर्यंत आतड्याच्या या आजारांशी जोडलेल्या १६३ जागा जीनोमवर, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डीएनएवर, सापडल्या होत्या, २०१५ मध्ये अजून ३८ ची भर पडली आणि त्या अभ्यासात पहिल्यांदा युरोपबाहेरचे लोक बऱ्यापैकी होते, भारत, इराण, पूर्व आशिया मिळून ९,८४६. युरोपियन किती? ८६,६४०. मी हे आकडे माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवले होते.

आणि जगभर ज्याच्याशी ताडून बघतात त्या थाउजंड जीनोम्सच्या यादीत २६ समाजांचे २,५०४ लोक आहेत, त्यात भारतातले म्हणून कोण, तर ह्यूस्टनला राहणारे गुजराती आणि ब्रिटनमधले तेलुगू. मराठी माणूस म्हणून एकही गट नाही. पहिल्यांदा ती यादी नीट वाचली त्या दिवशी मी घरी आईला फोन करून हे सांगितलं, तिला काय कळणार, ती म्हणाली मग तू ये ना इकडे आणि घाल की आपली माणसं. अगदी हेच शब्द.

तिथे इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरातले जुने अभ्यास वाचले आणि अजून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. तिथे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या लोकांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला होणारा क्रोन्सचा भाऊबंद, स्थानिक गोऱ्यांपेक्षाही जास्त दिसत होता. विमानात बसून काही जीन बदलत नाही. म्हणजे खाणं, पोटातले जंतू, लहानपणी झालेली किंवा न झालेली इन्फेक्शनं, हे सगळं त्या जीन्सवर येऊन आदळतं. जीनवाल्या लोकांनी हे विसरता कामा नये.

परत आले. पुण्यात लॅब उभी केली, म्हणजे एक खोली, दोन मुली, एक मुलगा, एक पीसीआर मशीन आणि दोन फ्रीझर, दोन वेगवेगळ्या लाइनवर. ग्रँट दोनदा नाकारली गेली, तिसऱ्यांदा मिळाली. रिएजंट परदेशातून येईपर्यंत तीन-तीन महिने जातात. दिल्ली विद्यापीठातल्या थेल्मा यांच्या गटाने आणि लुधियानाच्या डॉक्टरांनी उत्तर भारतातल्या कोलायटिसच्या पेशंटचा पूर्ण जीनोमभर अभ्यास २०१५ मध्येच करून दाखवला होता, त्यामुळे हे इथे होऊ शकतं हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या दहा हजार लोकांचे जीनोम वाचायचं ठरलं आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला, त्या दिवशी मी माझ्या मुलांना पेढे वाटले. आता निदान ताडून बघायला आपली माणसं आहेत.

आता आमच्याकडे अझाथायोप्रिन सुरू करायच्या आधी एनयूडीटी१५ बघतो. एक कॉपी बदललेली असेल तर कमी डोसने सुरुवात आणि दर आठवड्याला सीबीसी, दोन्ही असतील तर दुसरं औषध. पण जिल्ह्याच्या ठिकाणी अजून सगळीकडे ही टेस्ट होत नाही, आणि टीपीएमटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊन पूर्ण डोस लिहिलेली प्रिस्क्रिप्शनं मी आजही बघते. कुणी डॉक्टर हे वाचत असतील तर माझी हात जोडून विनंती आहे, टेस्ट नसेल मिळत तर निदान पहिले दोन महिने सीबीसी सोडू नका, आणि पेशंट म्हणाला केस गळतायत तर शॅम्पू बदला म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

संमतीपत्र मी परत बदललंय. आईबापाकडून गुण येतात ते वाक्य तसंच आहे. फक्त दुसऱ्या पानावर एक ओळ वाढवली, की या तपासणीत माझ्या औषधोपचाराला उपयोगी असं काही सापडलं तर मला कळवा, आणि पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. बहुतेक लोक हो म्हणतात. मागच्या महिन्यात फलटणचे एक आजोबा नाही म्हणाले, म्हणाले आता या वयात नवीन काही कळायला नको, त्यांचा चौकोन मी त्यांच्यासमोर भरला आणि रजिस्टरमध्येही लाल शाईने लिहून ठेवलं, चुकून कुणी कळवू नये म्हणून.

परवा ओपीडीत एक बाई आली मुलीला घेऊन, इंदापूरकडची, मुलगी अकरावीत. रक्त घ्यायचं म्हटल्यावर तोच प्रश्न, हिला काय फायदा. मी फॉर्म उलटून दुसरं पान काढलं आणि ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवायला लागले.